कपाशी ग्रहाचा सुलतान

पुसद, २ मार्च २००६

प्यारे मामू,

सलाम. पत्रासोबत एक सीडी पाठवून राह्यलो, जपून खोला. फोनवर सांगितलं असतं, पण फोन दुकानात अब्बांच्या बाजूले आहे, अन् माह्या पिक्चरचं नाव काढलं का ते शिलाई मशीन जोरात चालवतात. उर्दू मले वाचता येत नाही अन् तुमची शाळा पुसदचीच, म्हणून मराठीत लिहितो.

आम्ही पिक्चर बनवला, मामू. पुरा पंचावन्न मिनिटांचा. नाव ठेवलं 'कपाशी ग्रहाचा सुलतान'. लग्नाच्या शूटिंगचा माहा कॅमेरा, जुनेद मेकॅनिकनं कूलरच्या पत्र्याचं केलेलं यान, अन् फुलसावंगीच्या गोपालचं वावर. गोपाल म्हणजे कॉलेजात तीन वर्षं माह्या बाकावर बसला तो. यंदा कापसाचा भाव असा पडला का वेचणीची मजुरीही निघेना, म्हणून शेवटची वेचणी त्यायनं केलीच नाही. फेब्रुवारीत मी त्याच्या घरी गेलतो तं आठ एकर पांढरंफटक उभं. म्हनलं, गोपाल, हा आपला ग्रह. तो म्हणे, "पुढच्या आठवड्यात पऱ्हाट्या उपटतो, तोवर काय करायचं ते कर." सहा दिवसांत काम उरकलं.

गोष्ट सोपी आहे. पृथ्वीवरून एक कप्तान येतो. तो गोपाल. ग्रहावर एक जालीम सुलतान आहे. तो मी. दोघांची दुश्मनी. कप्तानाजवळ फवारणीचा पंप, त्यातून किरणं निघतात. माह्याजवळ लबादा. मामू, लबादा पाहा तुम्ही. जांभळं साटन, कॉलर कानापर्यंत उभी, त्यात एक्स-रेचे फोटो घातले ताठ राहाले. सितारे मी अन् अम्मीनं मिळून लावले. डोळ्यात काजळ, बोटात पाच अंगठ्या.

लहान होतो तवा इथल्या व्हिडिओ हॉलमध्ये परदेशी अंतराळाचे पिक्चर लागत, हिंदीत डब केलेले. पोट्टे हिरोले शिट्ट्या मारत. मी खलनायकाकडेच पाहत बसो. असा लबादा, असा तोरा, अन् अख्खा ग्रह त्याले भिऊन. तवापासून मले ते करायचं होतं.

१५ एप्रिलले महागावात पहिला शो आहे. तुम्ही हैदराबादच्या स्टुडिओत पंचवीस वर्षं राजे-राक्षसांचे कपडे कापले. लबाद्याबद्दल खरं खरं लिहा. मुरवत करू नका.

तुमचा,
रिजवान


हैदराबाद, १४ मार्च २००६

रिजवान बेटा,

दुवा. सीडी शेजाऱ्यांच्या मशीनवर पाहिली, मग त्यांच्याकडून ते मशीन दोन दिवसांसाठी मागून आणलं.

आधी लबादा. कॉलर उत्तम. एक्स-रेची युक्ती मला पंचवीस वर्षांत सुचली नाही, याचा मला राग आला. पण मागचा घेर एक हात कमी पडला. सुलतान वळतो तेव्हा कापड त्याच्या मागून वळलं पाहिजे, उशिरानं, नोकरासारखं. तुझं कापड तुझ्याबरोबरच वळतं. पुढच्या वेळी खालच्या काठात सायकलची साखळी शिवून टाक. वजन आलं की चाल आपोआप येते.

आता तू जे विचारलं नाहीस ते लिहितो. मी मंगळाचे दोन राजे, पाताळाचा एक सेनापती आणि एक शनिलोकाचा वजीर नटवला आहे. अशा प्रत्येक पिक्चरमध्ये खलनायक हिरोपेक्षा देखणा असतो. हिरोईन ताट घेऊन कोपऱ्यात उभी राहते, आणि हे दोघं पुरुष एकमेकांना 'तुला संपवतो' म्हणत इतके जवळ येतात की मधून हवा जाणार नाही. लोकांना त्यात दुश्मनी दिसते. आम्हा शिवणाऱ्यांना, मेकअपवाल्यांना, नाच बसवणाऱ्यांना दुसरं काही दिसायचं, कारण ते आम्हीच घातलेलं असायचं. गल्लीत जे बोलता येत नाही ते शनीवर बोलता येतं. भडक कपडा चढवला की लोक हसतात, आणि हसणारा माणूस फार खोलात जात नाही. त्या हसण्याच्या आडोशाला आमच्यातल्या कितीतरी जणांनी उमर काढली.

तुझा सुलतान मी ओळखला. त्यात नवल नाही. मी घाबरलो ते तुझ्या कप्तानाला पाहून. सुलतान मरतो, कप्तान जवळ येतो आणि हेल्मेट काढतो. का काढतो? त्या ग्रहावर हवा नाही असं तूच सुरुवातीला सांगितलंस. मग तो गुडघ्यावर बसतो, तुझ्या केसांत अडकलेलं बोंडाचं टरफल काढतो, लबादा गळ्यापर्यंत नीट ओढतो. मग झेंडा रोवतो. बेटा, हे कोणी शिकवून केलेलं काम नाही.

ते अर्धं मिनिट कापून टाक. हैदराबादेत मी कोणाला ठाऊक नाही. महागावात त्या मुलाला सगळे ओळखतात. कायदाही असल्या लोकांच्या बाजूचा नाही. मी हे तुझ्या भल्यासाठी लिहितो आहे.

तुझ्या अम्मीला, गौहरला, माझा सलाम. तिच्या हातचे सितारे मी ओळखले. उजवीकडून डावीकडे लावते ती.

नजीर


पुसद, २३ मार्च २००६

मामू,

तुमचं पत्र दुकानाच्या मागं, इस्तरीच्या टेबलापाशी वाचलं. अर्ध्यात आलो अन् पत्र कापडाखाली सरकवलं. मले वाटलं मले पकडलं तुम्ही. मंग कळलं, तुम्ही पकडत नाही, ओळख देऊन राह्यले. एवढ्या वर्षांत मले तुमच्याबद्दल कोणी काही सांगितलं नाही. फक्त 'मामू कामात असतात, येत नाहीत.'

माह्याबद्दल तुम्ही लिहिलं ते खरं आहे. मी ते कोणाले सांगितलं नाही अन् मले त्याची लाजही वाटत नाही. अम्मीनं दोन वर्षांपासून मुलींचे फोटो दाखवणं बंद केलं. काहून ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

पण गोपालबद्दल तुमची चूक होते असंच मले वाटलं. तो शेतकरी माणूस, ॲक्टिंग त्याले येत नाही. मी त्याले सांगितलं होतं, पाय माह्या छातीवर ठेव अन् झेंडा रोव. बस. २१ मेले त्याचं साक्षगंध आहे, दिग्रसच्या सुरभी नावाच्या मुलीशी. त्याच्या बाबांनी, विठ्ठलरावांनी, सोयरीक जमवली. तुम्ही तिकडे दूर बसून भलतंच वाचून राह्यले असं रागानं लिहिणार होतो.

लिहिण्याआधी म्हनलं, एकदा पाहून घेऊ. सीडी लावली.

मामू, शूटिंगच्या वक्ताले मी मेलेला होतो, डोळे बंद होते. कॅमेरा जुनेदच्या हाती. ऊन उतरत होतं म्हणून दुसरा टेक घेतला नाही. कोणीतरी केसातून टरफल काढलं हे मले कळलं होतं, पण मी समजलो का शॉट खराब होऊ नाही म्हणून काढलं. मंग एडिटिंगले बसलो. चाळीस वेळा तरी तो सीन पाह्यला असंल. चाळीसही वेळा मी माहा लबादाच पाहत होतो, कसा पसरला, चमकतो का नाही. त्याच्या तोंडाकडे मी एकदाही पाह्यलं नाही.

काल पाह्यलं. ते हेल्मेट काढल्यावरचं तोंड. आता डोळ्यापुढून जात नाही.

ते अर्धं मिनिट मी कापणार नाही. पिक्चरमध्ये तेवढंच खरं निघालं. पण त्याले विचारू का, अन् काय विचारू, हे मले समजत नाही. काल तो दुकानात आला, साक्षगंधाचं शर्टाचं कापड घेऊन. मी माप घेतलं. माप घेताना टेप दोनदा हातातून पडला.

रिजवान


हैदराबाद, २ एप्रिल २००६

बेटा रिजवान,

विचारू नकोस. मुलाचं लग्न ठरलं आहे, घराण्याची गोष्ट आहे. तू आपलं काम कर, शर्ट चांगला शिव, त्या अर्ध्या मिनिटाची सीडी स्वतःजवळ ठेव आणि महागावात कापलेली लाव. असं जगता येतं. मी जगलो. माझी खोली आहे, काम होतं, इज्जत आहे. संध्याकाळी चार दोस्त येतात.

वरचं लिहून पत्र तीन दिवस तसंच ठेवलं. आता खाली लिहितो ते त्याच्या उलट आहे. वरचं खोडत नाही, कारण तेही मीच लिहिलं.

पुसदला टॉकीजचे बोर्ड रंगवणारा सदाशिव नावाचा एक जण होता. आता सदाशिवराव असेल. मी त्याच्या शेजारच्या दुकानात काजं-बटणं करायचो. दर शुक्रवारी नवा बोर्ड लागायचा, आणि तो रंगवताना तो मला बोलावून विचारायचा, या हिरोच्या कोटाची घडी कुठं पडेल? घडी त्याला माझ्यापेक्षा चांगली कळायची. दोन वर्षं विचारत होता. मी घडी सांगत होतो. तो आणखी काही विचारत होता का, हे मी विचारलं नाही. १९७८ साली त्याचं लग्न ठरलं आणि मी हैदराबादची बस धरली. घरात सांगितलं, काम मिळालं. काम नंतर चार महिन्यांनी मिळालं.

तो हो म्हणाला असता असं मी म्हणत नाही. कदाचित त्याला खरंच घडीच हवी असेल. पण अठ्ठावीस वर्षं त्याचं उत्तर मीच देत आलो आहे, कधी हो, कधी नाही, आणि एका माणसानं दुसऱ्याच्या वतीनं इतकी वर्षं बोलणं बरोबर नाही.

तेव्हा विचार. पण असं विचार की नाही म्हणायचं झालं तर त्याला तुझी दोस्ती सोडावी लागणार नाही. एवढी काळजी घे. बाकी मी सांगणारा कोण.

नजीर मामू


पुसद, १८ एप्रिल २००६

प्यारे मामू,

शो झाला. तुम्ही सांगितलं तसं विचारलंही. आधी ते लिहितो.

मी दोन सीड्या केल्या. एकीत तो सीन आहे, एकीत नाही. शोच्या दिवशी सकाळी गोपाल मले घ्याले गाडी घेऊन आला. दुकानात अब्बा नव्हते. दोन्ही सीड्या टेबलावर ठेवल्या अन् म्हनलं, "गोपाल, एकीत तू हेल्मेट काढते. दुसरीत काढत नाही. तुले पटंल ती लावू. कोणतीही लावली तरी मी तोच अन् तू तोच."

त्यानं दोन्ही सीड्या उलटसुलट करून पाह्यल्या. मंग विचारलं, "तुले कवा दिसलं?"

म्हनलं, "मागच्या महिन्यात. ते पण दुसऱ्यानं दाखवलं."

"तीन वर्षं बाकावर बसलो बाजूले," तो म्हणे. "तुले लबाद्याशिवाय काही दिसत नाही." मंग त्यानं पुरी सीडी उचलली अन् आपल्या शर्टाच्या खिशात घातली. बोलणं एवढंच झालं. महागावपर्यंत मी गाडीवर त्याच्या पाठीमागं बसून हसत होतो, त्याले दिसत नव्हतं म्हणून बरं.

शो जिनिंगच्या रिकाम्या शेडात, दुपारी तीनले. कापसाचा हंगाम संपलेला, लोकांजवळ वेळच वेळ. दाराखिडक्यांवर तरटं लावून अंधार केला, भाड्याचा प्रोजेक्टर, पांढरी चादर. वर पत्रा तापलेला. अडीचशे माणूस तरी असंल. विठ्ठलराव दुसऱ्या ओळीत, बाजूले गोपाल. पडद्यावर आपलंच वावर पाहून विठ्ठलराव आधी म्हणे, "हे तं आपलं बांधावरचं बाभूळ." मंग यान आलं, लोक हसले. मी आलो, लबाद्यात, अन् मामू, जी शिट्टी पडली. मी पाय टाकला तरी हसत, भुवई उचलली तरी हसत. पण हसता हसता माह्याच बाजूचे झाले लोक. कप्तानानं पंप मारला तं बाया चुकचुकल्या.

मंग तो सीन. हेल्मेट निघालं, टरफल निघालं. मी मशीनपाशी उभा, बंद करायचं बटन बोटाखाली होतं. मागून कोण्या तरी माणसानं आवाज दिला, "अबे कप्तान, लगनच लाव आता त्याच्यासंगं."

सारा शेड हसला. गोपाल उठला. प्रोजेक्टरचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. मागं वळून तो साध्या आवाजात म्हणे, "लावलं असतं. कायद्यात बसत नाही."

लोक अजून जोरात हसले. टाळ्या पडल्या. त्यायले वाटलं पोट्ट्यानं चांगला जवाब देला. तो खाली बसला अन् पिक्चर पुढं चालला. तुम्ही लिहिलं होतं, हसणारा खोलात जात नाही. खरं निघालं. अडीचशे लोकांपुढं त्यानं सांगून टाकलं अन् कोणाले समजलं नाही.

एकाले समजलं. विठ्ठलराव हसले नाहीत. पिक्चर संपला, लोक दुसरा शो मागत होते, तवा ते उठले अन् गोपालच्या गाडीची वाट न पाहता पायी बसस्टँडकडे गेले.

त्याच दिवशी घरी जाऊन गोपालनं त्यायले सांगितलं का मी लग्न करत नाही. काहून ते सांगितलं नाही, त्यायनं विचारलं नाही. तवापासून ते त्याच्याशी बोलत नाहीत. मी भिऊन नाही राह्यलो, मामू. जे होईल ते दोघं मिळून पाहू. पण तो त्या घरात एकटा आहे, म्हणून जीव लागत नाही.

रिजवान


हैदराबाद, २५ एप्रिल २००६

रिजवान,

तुझं पत्र सहा वेळा वाचलं. मी शेडात असतो तर सर्वांत जोरात टाळी माझी असती.

एक गोष्ट मात्र खटकली. दोन पत्रांत त्या मुलीचं नाव एकदा येतं आणि पुढं ती गायब होते, जशी आमच्या पिक्चरमधून हिरोईन व्हायची. तिला कोणी सांगितलं का? लग्न मोडलं की गावं मुलीतच खोट शोधतात. सदाशिवाच्या बायकोबद्दल मी अठ्ठावीस वर्षांत एकदा विचार केला नव्हता, तो या आठवड्यात केला. तुम्ही दोघांनी इतका उशीर करू नका.

नजीर


फुलसावंगी, ९ मे २००६

आदरणीय नजीर मामू,

आपली भेट नाही. मी गोपाल. तुमचं पत्र रिजवाननं मला वाचायला दिलं, आणि त्यातल्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायला पाहिजे, त्यानं नाही.

तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाबांनी मध्यस्थाकडून निरोप पाठवला होता की मुलगा सध्या तयार नाही. मी २९ एप्रिलला दिग्रसला गेलो. तिच्या वडिलांना म्हटलं, सुरभीशी दोन शब्द बोलायचे आहेत. त्यांनी ओसरीवर बसू दिलं, दार उघडं ठेवून.

तिनं आधी विचारलं, "माह्यात काही खोट काढली का तुमच्या लोकांनी?"

मी म्हटलं, नाही. मी कोणत्याच मुलीशी लग्न करणार नाही. तुमच्याशी केलं असतं तर तुम्हाला जन्मभर फसवलं असतं. हे मला होकार देण्याआधी कळत होतं, तरी मी गप्प राहिलो, ती माझी चूक.

मला वाटतं तिला पूर्ण समजलं, पण तिनं ते नाव घेऊन विचारलं नाही. म्हणाली, "हे माह्या बाबासमोर म्हणा. काकासमोरही. आता माह्याशी गोड बोलून जासान, अन् उद्या लोक म्हणतील पोरीतच काही होतं."

मी सर्वांसमोर म्हटलं. खोट मुलीत नाही, माझ्यात म्हणा, पाहिजे तर लिहून देतो. तिचे काका फार बोलले. मी ऐकून घेतलं. ते त्यांचं बोलणं बरोबरच होतं. सुरभी तेवढा वेळ दारात उभी होती, आत गेली नाही. निघताना मी नमस्कार केला, तिनं केला नाही. तेही बरोबर होतं. मी काही मोठं केलं असं मला वाटत नाही. दोन महिने आधी करायला पाहिजे होतं ते केलं.

हे काकांकडून बाबांच्या कानावर गेलं. बाबा माझ्याशी आधीपासूनच बोलत नव्हते. काही लागलं तर आईला सांगायचे, "भागीरथा, त्याले म्हण पंपाचा पट्टा तुटला." मी तिथंच, हातभर अंतरावर बसलेलो असायचो. आई माझ्याकडे पाहायची, मी पट्टा बदलायचो. असे अठरा-एकोणीस दिवस गेले. आईनं मात्र मला एकदाही विचारलं नाही की असं का. एकदा म्हणाली, जेवण सोडू नको. एवढंच.

तुम्ही रिजवानला शिकवलं की विचारताना समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवायची. मी पण बाबांना तशी जागा ठेवली. रिजवान गुरुवारी दुकान बंद असलं की गाडीवर येतो. घरात यायचा नाही. सडकेवर लिंबाखाली थांबून हॉर्न वाजवायचा आणि मी निघून जायचो, म्हणजे बाबांना त्याला पाहावं लागू नये.

गेल्या गुरुवारी मी वखराला पास, म्हणजे लोखंडी पातं, बसवत होतो. बाबा अंगणात बाजेवर बसून दोर वळत होते. हॉर्न वाजला. मी हात पुसून उठलो. बाबा दोराकडेच पाहत बोलले, आणि आईला नाही, मला.

"हे दर गुरुवारी सडकेवर भोंगा कायले वाजवते? त्याले सांग, या घराले दार आहे."

मी सडकेवर गेलो आणि रिजवानला सांगितलं. तो दोन वेळा म्हणाला, "खरं सांग." मग त्यानं गाडी ढकलतच अंगणापर्यंत आणली, सुरू केली नाही. आईनं पाणी दिलं. तो पेला हातात धरून उभाच राहिला. बाबांनी मान वर केली नाही. दोर मांडीवर घेतला आणि बाजेवर थोडे सरकून बसले.

तुमचा,
गोपाल